एमजीबी शर्यतीसाठी बांधतोय: अँबेसेडरचं इंजिन हाताळलेल्यांनी जरूर वाचा

चारसूत (लेस्टर) · १२ जानेवारी, रात्री ११:२०

मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय. आज लिहायला बसलो, कारण सतरा महिने स्टँडवर असलेली गाडी संध्याकाळी स्वतःच्या चाकांवर उतरली. घरात सांगून झालं, आता ज्यांना यातलं कळतं त्यांना सांगायचंय. शिवाय एक प्रश्नही आहे.

गाडी १९६६ ची एमजीबी जीटी. एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होती आणि पाच लाखांवर निघाली. इंग्लंडमध्ये नोकरी सांभाळून जुनी स्पोर्ट्स कार शर्यतीत पळवायची म्हटलं की बहुतेकांची गाडी इथेच येऊन थांबते. सुटे भाग आजही नवे मिळतात. विटनीला तर मूळच्या डाय वापरून छापलेली अख्खी बॉडी मिळते, १९८८ पासून हे काम चालू आहे.

मी मात्र हिशेब करून घेतली नाही. विकणाऱ्याने बॉनेट उघडलं आणि इंजिन ओळखीचं निघालं. वडिलांची मिरजेला टॅक्सी होती, अँबेसेडर. स्टेशनसमोर लागायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिन खोलायचं असलं की मी पाने द्यायला बसायचो. अँबेसेडरचं ते १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिजची. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोघांचा एकच, ८८.९ मिलिमीटर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तेवढा ७३ वरून ८०.२६ वर गेलाय. रॉकर कव्हरचे दोन नट, बाजूला डिस्ट्रिब्युटर, आणि डिपस्टिक शोधायला हात आपोआप गेला.

वडील गेल्यावर त्यांची पान्यांची पिशवी मी इकडे आणली होती. सगळे सुताचे (इंचाच्या मापाचे, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पाने. इथल्या माझ्या कुठल्याच गाडीला ते लागत नव्हते, सगळीकडे मिलिमीटर. ह्या गाडीला लागतात. पहिल्या दिवशी साडेतीन सुताचा रिंग पाना नटावर चढवला आणि तो जराही न हलता बसला, तेव्हा मी थोडा वेळ काहीच केलं नाही, तसाच उभा राहिलो.

आता पत्र्याचं सांगतो, कारण सतरातले अकरा महिने त्यातच गेले. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. सगळा जोर दारांखालच्या दोन पेट्यांवर असतो. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली कंगोऱ्यांची पट्टी, असे चार थर मिळून ती पेटी होते. वरून गाडी छान दिसत होती, रंग ताजा होता. चुंबक लावला तर दाराखाली दोन जागी चिकटेना. खरवडलं तर बोटभर जाडीची लांबी (पुट्टी). लांबी काढली तर खाली नवा पत्रा, आणि त्या नव्या पत्र्याखाली जुना, बिस्किटासारखा चुरा होणारा. आधी कुणीतरी सडलेलं तसंच ठेवून वरून टाके मारले होते. मधला पडदा मी स्क्रूड्रायव्हरने टोचला तर मुठीपर्यंत आत गेला.

ज्यांना हे काम करायचंय त्यांनी एक लक्षात ठेवा. पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचे आडवे-तिरपे आधार टाका. नाहीतर पत्रा कापला की गाडी मधून बसते आणि नंतर दार लागत नाही. रोडस्टरला हा धोका जास्त; जीटीला छप्पर आहे, तरी मी सोडलं नाही. आणि एका वेळी एकच बाजू. बाहेरचा पत्रा पुढच्या मडगार्डच्या आणि मागच्या पाखीच्या आत शिरतो, त्यामुळे मडगार्ड उतरवायला आणि पाखीचा खालचा भाग कापायलाच लागतो. ते टाळून दिसेल तेवढाच तुकडा जोडला की झालं तसलंच काम, जसं माझ्या गाडीचं झालं होतं. प्रत्येक टाक्यानंतर दाराच्या फटीत मी फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून बघत होतो. शर्यतीच्या गाडीला याचं महत्त्व दुप्पट, कारण रोल केजचे (आतल्या लोखंडी पिंजऱ्याचे) पाय याच पेटीजवळ, गाडीच्या तळाला वेल्ड केलेल्या जाड प्लेटांवर येतात. खालचा पत्रा कुजका असेल तर केज असून नसल्यासारखा.

आता प्रश्न. इंजिन उतरवलंय, अजून खोललं नाही. ब्लॉक पाच मेन बेअरिंगचा आहे (१९६४ पर्यंतचे तीनचे). इकडचे बहुतेक लोक सांगतात की चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइज पिस्टन टाक, म्हणजे साधारण १८४० सीसी, तिखट कॅमशाफ्ट आणि दोन एसयू कार्ब्युरेटर काढून एक ४५ चा वेबर कार्ब्युरेटर. मूळची ताकद ९५ अश्वशक्ती, अशी तयारी केली की १५० च्या घरात जाते. पहिल्याच वर्षी हे करावं का? मला दुसरं वाटतंय, पण मन पक्कं होत नाही. माहितगारांनी लिहावं.

उद्यमनगरी (कोल्हापूर) · १३ जानेवारी, सकाळी ६:०५

बाळा, तुझं वाचून चहा गार झाला. अडतीस वर्षं हीच इंजिनं बांधली मी. कोल्हापुरात एक काळ असा होता की शेड उघडली की तीन अँबेसेडर दारात.

आत्ता वेबर नको. या सिलिंडर हेडची मूळ अडचण समजून घे. सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोल आत यायला दारं दोनच. एक-दोनला मिळून एक, तीन-चारला मिळून एक. फायरिंग १-३-४-२, म्हणजे एकाच दारातून दोघे पाठोपाठ ओढतात, मग पुढे थांबायचं आणि परत दोघे पाठोपाठ. त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांना एकसारखं कधी मिळत नाही. कार्ब्युरेटर मोठा लावलास म्हणून दारं वाढत नाहीत. हेडचं काम नीट झाल्याशिवाय वेबरला पैसे घालू नको. तुझे दोन एसयू नीट असतील तर पहिलं वर्ष त्यांच्यावरच काढ.

एसयू नीट आहे का बघायचं तर वरच्या डब्यातला डँपर काढ, खालून बोटाने पिस्टन वर उचल आणि सोड. मोकळा खाली येऊन शेवटी टक् असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर सुई घासतेय, जेट मध्यावर घे. दोन्ही कार्ब्युरेटरचा टक् सारखा आला पाहिजे, हे कानाने कर.

ब्लॉक खोललास की तेलाच्या वाटांची पितळी बुचं काढून आतून साफ कर. नुसती हवा मारून भागत नाही. नवं बेअरिंग जुन्या गाळाने गेलेलं मी किती वेळा बघितलंय त्याला गणती नाही. आणि साठ वर्षांचं इंजिन आहे, हेडच्या एक्झॉस्टला कडक सीट आहेत का बघ. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर चालायची.

वडिलांचं नाव सांगू नको इथे, पण मिरज स्टेशनवरच्या बऱ्याच गाड्या आमच्याकडे यायच्या.

जुनंतेसोनं (पुणे) · १३ जानेवारी, दुपारी १:४०

चारसूत, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी दोन जुन्या गाड्या सांभाळतो. साठ वर्षं टिकलेल्या गाडीतून मूळ सीट, कार्पेट, हीटर काढायचे, आत लोखंडी पिंजरा बसवायचा आणि मग ती भिंतीवर आपटायचा धोका पत्करायचा, हे मला पटत नाही. एकदा गेलेली मूळ वस्तू परत येत नाही. आपल्याकडे तर अशा गाड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात, म्हणून कदाचित मला जास्त लागतं.

चारसूत · १३ जानेवारी, रात्री १०:१५

काका, तुमचा निरोप वाचून गॅरेजमध्ये गेलो आणि दोन्ही एसयूचा टक् ऐकला. पुढचा स्वच्छ, मागचा मुका. जेट मध्यावर घेतो. वेबर रद्द.

जुनंतेसोनं, तुमचं म्हणणं मी हलकं घेत नाही. मूळ अवस्थेतली धडधाकट गाडी असती तर मीही हात लावला नसता. या गाडीचा पत्रा मेलेला होता, तिची जागा भंगारात होती. केज बोल्टचा आहे, निघतो. काढलेली प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावून खोक्यात आहे, अगदी घड्याळाच्या काचेसकट. आणि एमजीबी जन्मापासून शर्यतीत आहे हे विसरून चालणार नाही. माझ्या मते अशा गाडीचे दात, हिरड्या, सांधे शाबूत राहायचे तर ती पळायला हवी. उभ्या गाडीची रबरं वाळतात, ब्रेकचे पिस्टन अडकतात, हे तुम्हीही बघितलंच असेल.

झेंडेवाली (नॉर्थॅम्प्टन) · १४ जानेवारी, रात्री ८:३०

मी शनिवार-रविवार ट्रॅकवर मार्शल म्हणून उभी असते, नारिंगी कपड्यांत. बिनपगारी काम, पण अकरा वर्षं सोडलेलं नाही. वर चारसूतने शर्यतीचा विषय काढला म्हणून सांगते. १९६३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीला कारखान्याची एकच एमजीबी होती, पॅडी हॉपकर्क आणि अ‍ॅलन हचेसन. हचेसन मुल्सानच्या वळणावर वाळूत रुतला आणि तासाहून जास्त वेळ स्वतः वाळू उपसत राहिला. बाहेरच्या कुणी मदत केली असती तर गाडी बाद. तरी चोवीस तासांनंतर गाडी बारावी आली आणि तिच्या वर्गात पहिली. १९६६ ला न्यूरबर्गरिंगवर ८४ तासांची मॅरेथॉन द ला रूट झाली, ती अँड्र्यू हेजेस आणि ज्यूलियन व्हेर्नाएव्ह यांनी एमजीबीवर जिंकली. चौऱ्याऐंशी तास. ही गाडी वेगापेक्षा चिवटपणासाठी ओळखली जाते आणि मला ती त्यासाठीच आवडते.

आता मार्शल म्हणून विनंती. अपघातानंतर तुझ्या गाडीजवळ सगळ्यात आधी माझ्यासारखं कुणीतरी पोचणार. मुख्य विजेचा खटका बाहेरून सहज हाती लागेल असा लाव आणि त्याने नुसती बॅटरी तुटून चालणार नाही, चालू इंजिनही बंद पडलं पाहिजे. हे मी स्वतः तपासताना बघितलंय, खटका फिरवला आणि इंजिन धडधडतच राहिलं. निळा त्रिकोण आणि त्यात लाल वीज, ते चिन्ह धुरातही दिसेल असं लाव. ओढायचे हुक भडक रंगाचे. १९६६ ची आहे म्हणजे तुझ्या गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह (बॅटरीचं धन टोक बॉडीला) असेल ना?

चारसूत · १४ जानेवारी, रात्री ११:००

ताई, हो, पॉझिटिव्ह होतं, डायनॅमो आणि सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मी निगेटिव्हवर आणलं, कारण वेळ मोजणारा ट्रान्सपाँडर आणि इग्निशन दोन्ही नव्या पद्धतीचे आहेत. डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला, बारा व्होल्टची एकच बॅटरी. अर्थची केबल नियमाप्रमाणे पिवळ्या टेपने गुंडाळली. खटक्याची चाचणी तुम्ही म्हणता तशी चालू इंजिनावरच करीन.

केदार_वाकड · १६ जानेवारी, दुपारी ४:१०

दादा, मला यातलं काही कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. तिकडे कुणीही गाडी घेऊन शर्यतीत उतरू शकतं का? लायसन्स कसं मिळतं?

चारसूत · १६ जानेवारी, रात्री ९:४५

केदार, साधं आहे, पण पायऱ्या चुकवता येत नाहीत. आधी तब्येतीची अट, मग मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलमध्ये एक दिवसाची परीक्षा. लेखी भागात झेंड्यांचे अर्थ विचारतात. गाडी चालवण्याच्या भागात शिक्षक शेजारी बसतो आणि तुझा वेग बघत नाही, गाडी ताब्यात आहे का ते बघतो. मग मोटरस्पोर्ट यूकेचं लायसन्स. नवख्याच्या गाडीमागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावतात, मागच्यांना कळावं म्हणून. शर्यती क्लब भरवतात. एमजी कार क्लब १९३० पासून आहे, ७५० मोटर क्लब १९३९ पासून. बक्षीस म्हणजे फार तर एखादा चषक. माझ्या शेजारच्या गॅरेजमध्ये एक निवृत्त पोस्टमन आणि एक दातांची डॉक्टर आहे, दोघं मिळून एमजीची एक छोटी मिजेट पळवतात.

चारसूत · २७ एप्रिल, रात्री १०:३०

इंजिन बांधून झालं. काका, पितळी बुचं काढली. मागच्या वाटेतून काळा, चिकट गाळ निघाला, चमचाभर तरी असेल. तो आत राहिला असता तर काय झालं असतं या विचाराने हात गार पडले. बोअर चाळीस थाऊ वाढवावाच लागला, झिजला होता. हेडला कडक सीट बसवल्या. कॅम थोडासाच वरचा, कार्ब्युरेटर तेच दोन.

टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) वडिलांच्या पद्धतीने लावले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हॉल्व्ह आठ. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा, सहाव्याला तिसरा. बेरीज नेहमी नऊ. वडील मोठ्याने म्हणायचे, "आठ खाली, एक बोल!" आणि मी पंधरा थाऊची पट्टी पुढे करायचो. पट्टी ओढताना तुपाच्या डब्याचं झाकण सरकवल्यासारखी चिकटून यायला हवी, सैल नको, अडकायला नको. त्यांची तीच पट्टी वापरली. तिच्यावरचा आकडा पुसलाय, मी मायक्रोमीटरने मोजून घेतला. अजून पंधरालाच आहे.

नवा कॅम म्हणून पहिल्यांदा सुरू झाल्यावर वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या खाली येऊ दिलं नाही. तेल २०डब्ल्यू-५०, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. ताई, खटका फिरवला, इंजिन तिथल्या तिथे बंद.

चारसूत · १९ मे, संध्याकाळी ७:५०

काका, मदत हवी. काल मॅलरी पार्कला सराव होता. तिथे जेरार्ड्स नावाचं एक वळण आहे, लांबलचक उजवं, संपतच नाही. त्याच्या मध्यावर तेलाचा काटा साठ पाउंडावरून वीसवर आला. वळण संपलं की परत साठ. तीन फेऱ्यांत तीनदा. मी लगेच पिटमध्ये घेतली आणि दिवस तिथेच थांबवला. पंप जातोय का बेअरिंग?

उद्यमनगरी · १९ मे, रात्री १०:४०

थांबवलीस ते फार चांगलं केलंस. पंप गेला असता तर सरळ रस्त्यावरही काटा पडला असता, बेअरिंग गेलं असतं तर गरम झाल्यावर मंद चालताना पडला असता. हा फक्त वळणात पडतोय, म्हणजे तेल चेंबरच्या (इंजिनखालच्या तेलाच्या डब्याच्या) एका कडेला चढून बसतंय आणि पंपाची जाळी उघडी पडून हवा ओढतेय. अँबेसेडरला हे कधी कळायचं कारण नव्हतं, तिला एवढं लांब वळण एवढ्या वेगात कोण घेणार!

आपल्याकडचा पाण्याचा टँकर आठव. आत पडदे नसतील तर अर्धा भरलेला टँकर वळणावर पाण्यानेच उलटू शकतो. तुझ्या चेंबरला तसेच पडदे लाव. जाळीभोवती चौकोनी कप्पा कर, भिंतींना छोटी झडपं ठेव, आतल्या बाजूला उघडणारी. तेल आत येईल, वळणात बाहेर जाणार नाही. आणि चेंबर उतरवलंच आहे तर मधल्या मेन बेअरिंगची टोपी उघडून बघ. तीन वेळा पडलाय काटा, बेअरिंगचा चेहरा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नको.

चारसूत · २ जून, रात्री ९:१०

बघितलं. मधल्या बेअरिंगवर राखाडी झळाळी, एका कडेला केसाएवढा ओरखडा. नखाला लागत नव्हता, तरी संच बदलला. क्रँकला काही नाही. पडद्यांचा कप्पा बसवला, झडपं पितळी बिजागऱ्यांची. तेल अर्धा लिटर वर ठेवतोय.

चारसूत · ७ जुलै, रात्री ११:५५

आज सिल्व्हरस्टोनला पहिली शर्यत झाली, छोटा नॅशनल ट्रॅक. अंग दुखतंय पण झोप येत नाही म्हणून लिहितो.

सकाळी कागदपत्रं, मग गाडीची तपासणी. तपासणाऱ्याने सगळ्यात आधी दार उघडून खाली हात घालून पेटी चाचपली. सीट बेल्टची टोकं कुठे धरलीत ते बघितलं, खटका फिरवायला लावला, आणि स्टिकर दिला. तो स्टिकर मी स्वतः चिकटवला. पात्रता फेरीत छत्तिसातला एकोणतिसावा.

सुरुवातीला कॉप्सच्या वळणावर पुढे सगळ्या लाल दिव्यांची भिंत होती आणि पहिल्या दोन फेऱ्या मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. तिसऱ्या फेरीपासून गाडी समजायला लागली. बेकेट्समधून निघताना मागचे पाटे अंग घेतात, तेव्हा थोडं थांबून मग पाय द्यायचा. ब्रुकलँड्सला ब्रेकचा पेडल शेवटपर्यंत तसाच घट्ट राहिला. आणि लफील्ड, जे जेरार्ड्ससारखंच लांब उजवं आहे, तिथे प्रत्येक फेरीत डोळा काट्यावर होता. पंचावन्न. प्रत्येक फेरीत पंचावन्न, काका.

वीस मिनिटांनी तेविसावा आलो. दोन गाड्या बंद पडल्या, चार मी मागे टाकल्या. त्यातली एक वेबरवाली होती, ती सरळ रस्त्यावर पुढे जायची आणि वळणात मला परत सापडायची.

ताई, ब्रुकलँड्सच्या आतल्या बाजूला हात हलवणारं कुणीतरी होतं, तुम्ही होतात का?

झेंडेवाली · ८ जुलै, सकाळी ७:१५

मीच. हिरवी जीटी, मागे काळी फुली, ओळखायला वेळ लागला नाही. सातव्या फेरीला पिवळा झेंडा होता तेव्हा तू खरंच वेग कमी केलास, तुझ्या पुढच्या दोघांनी केला नव्हता. आम्ही दोघी तेव्हा बॅरिअरच्या पुढे होतो.

जुनंतेसोनं · ८ जुलै, सकाळी ९:३०

अभिनंदन. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण तुम्ही टाकलेल्या फोटोतली दाराची फट बघितली. वरपासून खालपर्यंत एकसारखी. हे काम मनापासून झालंय.

उद्यमनगरी · ८ जुलै, सकाळी ९:५०

शाब्बास रे बाळा. आता प्लग काढ आणि रंग सांग. गाडी धुवायच्या आधी.

चारसूत · ८ जुलै, रात्री ८:२०

काढले काका. एक आणि चार बिस्किटी, दोन आणि तीन त्याहून जरा फिकट. दोन दारांचं तुम्ही जानेवारीत लिहिलं होतं, तेच समोर ओळीने मांडलंय. मागच्या एसयूचा टक् अजून स्वच्छ येतोय. सुई बदलावी का एक पायरी जाड मिश्रणाची?

उद्यमनगरी · ८ जुलै, रात्री ९:००

बदल. दोन्हींची एकदम बदल, एकाची नको. आणि तेल काढशील तेव्हा फडक्यातून गाळून बघ, पितळी झडपांचा कीस दिसतो का ते.